पाणबुड्याचा श्वास

जालना जिल्ह्यात गावोगावी विहिरी आहेत. विहिरीत घागर पडली, की एखादा पटाईत पोहणारा छाती भरून श्वास घेतो आणि बुडी मारतो. तो श्वास कोंडून धरतो, म्हणूनच तळाची घागर घेऊन सुखरूप वर येतो.

तलावाच्या तळाशी पुष्कळ वेळ काम करावयाचे असल्यास मात्र एका श्वासाने भागत नाही. त्यासाठी पाणबुड्या दाबून भरलेल्या हवेचे नळकांडे पाठीवर घेतो. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्याँ यांनी या कामासाठी एक झडप तयार केली. पाणबुड्या श्वास घेतो तेव्हाच ती उघडते आणि सभोवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल, तितक्याच दाबाची हवा त्याला पुरविते.

येथे विहिरीतला नियम उलटा होतो. पाण्यात १० मीटर खोल गेल्यावर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे दुप्पट होतो. विहिरीत बुडी मारणाऱ्याच्या छातीतील हवा खाली आकसते व वर येताच पूर्ववत होते. परंतु पाणबुड्याने १० मीटरवर छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून तो वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागू लागते. छातीत तेवढी जागा कोठून येणार? फुप्फुसे फाटण्याचा धोका असतो. म्हणून वर येताना श्वासोच्छ्वास क्षणभरही थांबवू नये, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. खोल पाण्यात हवेतील नायट्रोजन अधिक प्रमाणात रक्तात विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली, की बुडबुडे उसळतात. घाईने वर येणाऱ्याच्या रक्तातही तसेच घडू शकते. कोणत्या खोलीवर किती वेळ राहावे, याची कोष्टके असतात. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाबच कमी असल्यामुळे मोती तलावासारख्या जलाशयासाठी समुद्रावरील कोष्टके जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचेही दिसत नाही. मन घाबरते, श्वास आपोआप कोंडला जातो आणि वर धाव घ्यावीशी वाटते. नेमक्या त्याच क्षणी शांतपणे श्वास घेत सावकाश वर येणे, हेच पाणबुड्याचे खरे धैर्य. ते जाणत्या गुरूजवळ शिकूनच अंगी येते. केवळ पोहता येते म्हणून कोणी या विद्येची परीक्षा पाहू नये.