वचन वाचणे आणि बायबलचा अभ्यास

रोज एक वचन (अध्यायातील क्रमांक दिलेला छोटा भाग) वाचले की बायबलचा अभ्यास झाला, असा समज अनेक ख्रिस्ती घरांत असतो. मननासाठी ते चांगलेच आहे. अभ्यास म्हणजे मात्र तो मजकूर कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितला हे पाहून मग त्याचा आपल्या जगण्याशी संबंध जोडणे. एसटीत शेजाऱ्याचे फोनवरचे एकच वाक्य कानावर पडले तर शब्द कळतात, प्रकरण कळत नाही. सुट्या वचनाचे तसेच होते.

यिर्मया २९:११ घ्या. देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत, असे सांगणारे हे वचन कॅलेंडरांवर आणि परीक्षेच्या शुभेच्छांत हमखास दिसते. पण ते एका पत्रातले आहे. यरुशलेमहून बाबेलात हद्दपार झालेल्यांना यिर्मयाने ते पाठवले. घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे हित पाहा, असे पत्र सांगते. आणि दहाव्या वचनात परतीसाठी ७० वर्षांची मुदत येते. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परतणारच नव्हते! हे कळल्यावर दिलासा कमी होत नाही. उलट तो परीक्षेच्या एका निकालापुरता उरत नाही.

वचने सुटी करणारे हे अध्याय-वचनांचे क्रमांक मूळ लेखनात नव्हते. आजचे अध्याय १३व्या शतकातले, नव्या करारातील वचनांचे क्रमांक १५५१ मधले. म्हणून सुरुवातीला फिलिप्पैकरांस पत्रासारखे चार अध्यायांचे पुस्तक घ्यावे आणि क्रमांकांवर न थांबता एका बैठकीत वाचावे. अर्धा तास पुरतो.