डिग्री हातात, आता पाना घ्या!

प्लेसमेंट हुकली म्हणून घरी बसायचं, की एक वर्ष अप्रेंटिस व्हायचं? कमी पैसे, जास्त घाम आणि पुढच्या नोकरीची गॅरंटी नाही. तरीही हा सौदा का पटावा, याचा रोखठोक हिशेब.

'इंजिनीअर होऊन अप्रेंटिस? ते तर आयटीआयवाले करतात ना?' मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी २०२२ मध्ये अप्रेंटिसशिप घेतली, तेव्हा हा प्रश्न मावशीपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारला. आई बिचारी 'ट्रेनिंग चालू आहे तिचं' एवढंच सांगून विषय बदलायची. वर्गातली निम्मी गँग हिंजवडीत एसीत बसून कोडिंग शिकत होती आणि मी सकाळी सहाला सेफ्टी शूज घालून कंपनीच्या बसची वाट बघत होते. भोसरीच्या दिशेने!

खरं म्हणजे यात नवीन काहीच नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात डिग्री आणि डिप्लोमावाले इंजिनीअरही आले. डिग्रीवाल्यांची ट्रेनिंग एक वर्षाची. आपल्याकडचा कारभार मुंबईत सायनला असलेलं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. 'नॅट्स'च्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, जागा बघायच्या, अर्ज करायचा. वर्ष पूर्ण झालं की सरकारी सर्टिफिकेट.

पैशाचं काय, बॉस?

आता मुद्द्याचं. २०१९ च्या नियमांनुसार माझ्या वेळी डिग्रीवाल्याला महिना किमान ९,००० रुपये आणि डिप्लोमावाल्याला ८,००० स्टायपेंड होता. किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. कंपनी वरून जास्त देऊ शकते. काही देतात, काही नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन एवढ्यात महिना काढणं म्हणजे वेगळंच इंजिनीअरिंग! मी घरून जात होते म्हणून जमलं. बाहेरगावच्या मुलांनी हा हिशेब आधीच मांडावा.

दुसरी गोष्ट म्हणजे कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस हा 'कामगार' नसतो, शिकाऊ असतो. वर्ष संपल्यावर तुम्हाला घेतलंच पाहिजे, असं बंधन कंपनीवर नाही. शिवाय २०१९ पासून तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे काही ठिकाणी तुम्ही हवे आहात म्हणून, तर काही ठिकाणी आकडा भरायचा म्हणून!

गरम बोअरची गोष्ट

मग मिळतं काय? एक उदाहरण देते. पहिल्याच आठवड्यात मशीनवरून नुकताच उतरलेला एक स्टीलचा पीस मोजायचा होता. १०० मिलिमीटरचा बोअर, टॉलरन्स एच-सेव्हन, म्हणजे शून्य ते अधिक ३५ मायक्रॉन. मी बोअर गेज उचलला, तर शेजारचे ऑपरेटर काका म्हणाले, 'थांबा मॅडम. थंड होऊ द्या त्याला.'

हिशेब साधा आहे. पीस गेजपेक्षा वीस अंशांनी गरम असेल, तर एवढा बोअर सुमारे २३ मायक्रॉन मोठा दिसतो. गरम असताना अधिक २० वाचलेला, ओके दिसणारा पीस थंड झाला की उणे ३ वर जातो. रिजेक्ट! स्टीलच्या प्रसरणाचा फॉर्म्युला परीक्षेत आम्ही सगळेच सोडवतो. पण ३५ मायक्रॉनच्या टॉलरन्समधले २३ नुसती उष्णताच खाऊन टाकते, हे काकांच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय अंगात मुरत नाही. त्यांच्याकडे डिग्री नव्हती; चोवीस वर्षं होती.

त्या वर्षात इन्सर्ट कधी झिजला ते आवाजावरून ओळखणं, ऑफसेट किती द्यायचा, सेकंड शिफ्टला लाइन थांबली तर आधी कुणाला फोन करायचा, हे सगळं असंच आलं. आणि ऑपरेटरशी कसं बोलायचं, हेही!

एक्सेलच्या चक्रव्यूहात

सगळं काही गोड नव्हतं. मधले तीन महिने मला एका टेबलाशी बसवून रोजच्या रिजेक्शनचे आकडे एक्सेलमध्ये भरायला लावलं. शिकणं शून्य, फुकट क्लार्क! माझ्या बरोबरच्या दोघांनी कंटाळून वर्ष अर्धवट सोडलं. मी लॉगबुक घेऊन ट्रेनिंग बघणाऱ्या साहेबांकडे गेले. कुठल्या विभागात किती आठवडे, हे करारासोबतच्या आराखड्यात लिहिलेलं होतं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. भांडण नाही, आवाज नाही. पुढच्या सोमवारी मी टूल रूममध्ये होते.

वर्षाअखेरीस आम्ही चौघं उरलो होतो, जागा एकच होती. ती मला मिळाली नाही. तो आठवडा वाईट गेला, खोटं कशाला बोलू? पण दोन महिन्यांनी चाकणच्या एका सप्लायर कंपनीत इंटरव्ह्यू झाला. समोरच्या साहेबांनी माझे मार्क विचारलेच नाहीत. एक ड्रॉइंग पुढे सरकवलं आणि म्हणाले, 'हे कसं मोजाल?' मी आधी विचारलं, 'पीस गरम आहे की थंड?' तिथे मी आज क्वालिटीला आहे.

जाण्याआधी हे बघा

करार पोर्टलवर नोंदवलाय ना? नोंद नसेल तर ती अप्रेंटिसशिप नाही, नुसती स्वस्तातली मजुरी आहे.

'ट्रेनी' आणि 'अप्रेंटिस' यांत गल्लत नको. ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी हा सहसा कंपनीच्या पगारावरचा माणूस असतो. ऑफर लेटर दोनदा वाचा.

मागच्या वर्षीच्या अप्रेंटिसना शोधा. किती जणांना ठेवलं, कुठल्या विभागात फिरवलं, ते चहावर विचारा. एचआरपेक्षा खरं उत्तर तिथे मिळेल.

लॉगबुक रोज लिहा. अडचणीच्या दिवशी तेच तुमच्या बाजूने बोलतं.

घरचा खर्च तुमच्याच खांद्यावर असेल आणि दुसरीकडे बरा पगार मिळत असेल, तर तो घ्या. त्यात कमीपणा नाही. पण हातात काहीच नसेल आणि मशीनचा आवाज आवडत असेल, तर 'लोक काय म्हणतील' या एका कारणासाठी हे वर्ष सोडू नका. लोकांना मायक्रॉन कुठे कळतो?