नवरा पांढुर्ण्यात, रिटर्न आपापलं

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पगारपत्रक सांभाळते. फेब्रुवारीचा पगार झाला की माझ्या टेबलापाशी ठरलेली विचारणा येते, "मॅडम, दर महिन्याला दोनशे, अन् आताच तीनशे काहून कापले जी?" व्यवसाय कर वर्षाचा २,५०० रुपये, अकरा महिने २०० कापले की उरलेले ३०० फेब्रुवारीच्या वाट्याला येतात. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर १ एप्रिल २०२३पासून माफ आहे, हे पुष्कळींना अजून माहीत नसतं.

यंदा मात्र पॅकिंगमधली एक मुलगी वेगळंच विचारायला आली. तिचं नुकतंच लग्न झालंय, नवरा मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला नोकरीला. माझे हेही तिथंच असतात, म्हणून माझ्याकडे. "ताई, रिटर्न इकडं भरायचं का एमपीत? अन् दोघांचं मिळून एकच भरायचं का?"

आयकर केंद्र सरकारचा. सावनेरच्या पुढं सीमा ओलांडली म्हणून त्यात एका रुपयाचा फरक पडत नाही. रिटर्न पोर्टलवर भरायचं, ज्याचं त्यानं आपल्या पॅनवर. नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न आपल्याकडे नाहीच. राज्य बदललं की बदलतो तो व्यवसाय कर, कारण तो नोकरी जिथली तिथं कापला जातो. त्यालाही राज्यघटनेनं वर्षाला २,५०० रुपयांचं कुंपण घातलंय.

लग्नाची दखल सरकारनं कधी घेतलीच नाही असं नाही. १९५५च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांना २,००० रुपयांपर्यंत करमाफी दिली आणि अविवाहितांना १,००० वरच थांबवलं. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेमुळे आजही पगार सोडून बाकीचं उत्पन्न पती-पत्नींत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवतात.

आपल्याकडे आयकर खात्याला लग्न आठवतं ते पैसा या खात्यातून त्या खात्यात गेला की. हे मला घरखर्चाला पैसे पाठवतात, त्यावर कर नाही; नवऱ्यानं बायकोला काहीही द्यावं. पण तेच पैसे मी माझ्या नावानं एफडीत ठेवले, तर व्याज यांच्या उत्पन्नात धरलं जातं. पुढं त्या व्याजावर जे व्याज मिळेल ते माझं! बायकोच्या नावावर एफडी केली की कर वाचतो, ही समजूत आमच्या कॅन्टीनमध्ये चहाइतकीच चालते.

घराचं थोडं सोपं आहे. हिंगण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं. हे नोकरीपायी बाहेर राहत असले तरी जुन्या करपद्धतीत आपापल्या हिश्शाच्या व्याजावर प्रत्येकाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि पांढुर्ण्यातल्या खोलीच्या भाड्यावर यांना घरभाडे भत्त्याची सूटही. नव्या पद्धतीत दोन्ही नाही. कोणती पद्धत घ्यायची हेही ज्याचं त्यानं ठरवायचं. एकानं जुनी घेतली म्हणून दुसऱ्यानं घ्यायलाच हवी असं नाही.

एकत्र रिटर्नचा पर्याय द्यावा, असं सनदी लेखापालांच्या संस्थेनं २०२५च्या अर्थसंकल्पाआधी सुचवलं होतं. फायदा कुणाचा? २०२५-२६च्या दरांनी नवरा-बायको दोघं ९-९ लाख पगार घेत असतील तर नव्या पद्धतीत दोघांचाही कर शून्य. तेच १८ लाख एकट्याचा पगार असेल तर उपकर धरून १,५०,८०० रुपये. म्हणजे ही मागणी एकाच कमाईवर चालणाऱ्या, पण चांगल्या पगाराच्या घराची. तिच्यात तथ्य आहे, पण आमच्या शॉपफ्लोअरवर अशी घरं मला तरी दिसत नाहीत.

त्या मुलीनं नवऱ्याच्या फॉर्म १६चा फोटो दाखवला. पगार साडेपाच लाख, कर शून्य. "मग भरायची गरजच नाही ना?" तिनं विचारलं. आहे. उत्पन्न ४ लाखांवर गेलं की कर लागो न लागो, रिटर्न भरावंच लागतं. तिचा स्वतःचा पगार त्याच्या आत आहे. तिला यंदा सुट्टी.