वाऱ्याचे दळण आणि विजेची कणगी

पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळीकडचे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम सुरू राहिले, तर विजेचा भार पेलत नाही. म्हणून सुट्यांचे वार वाटून देण्याची पद्धत पडली. वीज लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते, हे इथल्या कामगाराला पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. वाऱ्याच्या विजेचे कोडेही याच एका गोष्टीत आहे.

आम्ही कवी मंडळी वाऱ्याला लहरी म्हणतो. पण सह्याद्रीवरचा मोसमी वारा तसा वक्तशीर आहे. जून ते सप्टेंबर तो जोमाने वाहतो, मग ओसरतो. त्याचे गणित मात्र कडक. वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली शक्ती आठपट होते, आणि वेग निम्म्यावर आला तर शक्ती आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे आषाढात गरगरणारी पवनचक्की हिवाळ्यात पुष्कळदा नुसती उभी दिसते. वर्षाची सरासरी काढली, तर क्षमतेच्या साधारण पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी वीज हाती येते.

आकुर्डीच्या बजाज ऑटोचे उदाहरण घ्या. सन २००० च्या आसपास या कंपनीने सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर १३८ पवनचक्क्या उभारल्या. एकूण क्षमता ६५.२ मेगावॅट. पुढे कंपनीचे विभाजन झाले आणि त्या बजाज फिनसर्व्हकडे गेल्या.

पठारावर केलेली वीज दूरच्या कारखान्यात पोचते कशी? गावच्या तळ्याची कल्पना करा. एकाने वरच्या घाटावर घागर ओतली, दुसऱ्याने खालच्या घाटावर घागर भरून घेतली. पाणी तेच नव्हे, पण हिशेब बरोबर जुळतो. वीजवाहिन्यांचे जाळे म्हणजे हे तळे. घातलेली वीज खात्यावर जमा होते, वापरलेली वजा होते आणि वाहतुकीचे भाडे द्यावे लागते. पूर्वी ही जमा वर्षभर पुरवता येई. महाराष्ट्रात २०१९ पासून हिशेब महिन्याच्या महिन्याला मिटवावा लागतो. म्हणजे श्रावणातला वारा पौषात कामी येत नाही.

इराणच्या सीस्तान प्रांतात हजार वर्षांपूर्वीही वाऱ्यावर दळण होत असे. तिथल्या उन्हाळी वाऱ्याचे नावच ‘एकशेवीस दिवसांचा वारा’. आपल्या पावसाळ्याइतकाच त्याचा मुक्काम! पण त्या लोकांना चिंता नव्हती, कारण पीठ साठवून ठेवता येते. आपली चक्की पीठ न काढता वीज काढते, आणि विजेला कणगी नाही.

वारा मात्र कमी नाही. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जमिनीपासून १५० मीटर उंचीवर भारताची क्षमता सुमारे ११,६४,००० मेगावॅट, तर महाराष्ट्राची सुमारे १,७४,००० मेगावॅट आहे. प्रत्यक्षात देशाने ५०,००० मेगावॅटचा टप्पा २०२५ मध्ये ओलांडला. महाराष्ट्रात त्यातले पाच हजारांच्या आसपास. शिवाय सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा सर्वांत आधी व्यापल्या गेल्या, त्याही तेव्हाच्या बुटक्या यंत्रांनी. वनकुसवड्याच्या १३८ यंत्रांची क्षमता आज तीन मेगावॅटची २२ यंत्रे भरून काढतील. जुनी यंत्रे बदलण्याचे केंद्राचे धोरण २०१६ मध्ये आले, २०२३ मध्ये सुधारले. पण जमीन, रस्ते आणि करार जुन्या यंत्रांच्या मापाचे असल्याने काम रेंगाळते.

चाकणमधल्या छोट्या वर्कशॉपवाल्याला पठारावर चक्की उभारणे परवडणार नाही. त्याला हवी असते दोन्ही पाळ्यांत न खंडणारी वीज. त्यासाठी कणगी बांधावी लागेल. तिचा एक नमुना अकोले तालुक्यात घाटघरला आहे. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घ्यायची. मोठ्या बॅटऱ्याही हेच काम करू लागल्या आहेत. अर्थात ही साठवण काही तासांची. ऋतूंचा तोल सांभाळायला सूर्य मदतीला आहे. ढगाळ पावसाळ्यात त्याची वीज मंदावते, नेमका तेव्हा वारा भरात असतो.

म्हणून पवनचक्क्यांच्या नव्या आकड्यांची बातमी वाचताना एक प्रश्न जरूर विचारा: यांच्याबरोबर कणगी किती बांधली? नाहीतर वाऱ्यावर चालणारा कारखाना वाऱ्यावरच सोडल्यासारखे होईल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)