सार्जंट पेपरचा क्रम बदलताना

रत्नागिरीकडचं नमन हे लोकनाट्य पाहिलेल्या माणसाला क्रमाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. आधी गण, मग गवळण आणि शेवटी वग. ही मांडणी उलटीपालटी केली, तर गाणी तीच राहतील, पण रंग भरणार नाही.

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या 1967 च्या तबकडीचंही तसंच आहे. चित्रविचित्र ध्वनींनी ऐकणाऱ्याला स्वप्नात नेणाऱ्या सायकेडेलिक रॉकची ही सर्वांत गाजलेली तबकडी. 13 गाणी, दोन बाजू, सुमारे 40 मिनिटं. आज रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर बसून मोबाइलवर कुणीही तिचा क्रम बदलू शकतो. तो बदलावा, असं वाटायला सबळ कारणही आहे.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही दोन गाणी याच तबकडीच्या कामातून जन्मली. पण रेकॉर्ड कंपनीला बाजारात काहीतरी हवं होतं, म्हणून फेब्रुवारी 1967 मध्ये ती सुट्या रेकॉर्डवर निघाली आणि तेव्हाच्या प्रथेनुसार मोठ्या तबकडीतून वगळली गेली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना त्या निर्णयाचा पुढे आयुष्यभर पश्चात्ताप झाला. त्यांनी पहिल्या बाजूचा क्रमही एकदा बदलला होता. सर्कशीचं ‘मिस्टर काइट’ आधी तिसरं होतं, ते शेवटी गेलं.

मग ही दोन गाणी परत आणायची कुठे? काही सांधे हलवता येत नाहीत. शीर्षकगीत थेट दुसऱ्या गाण्यात मिसळतं. ‘गुड मॉर्निंग’च्या अखेरीस कोंबडीच्या आवाजातून पुढच्या गाण्याच्या गिटारचा सूर निघतो. ‘अ डे इन द लाइफ’चा 40 सेकंदांहून लांब रेंगाळणारा पियानो ही तर मैफलीची भैरवीच; तिच्यामागे काही वाजवणं शक्य नाही. म्हणून जागा करण्यासाठी या सांध्यांबाहेरची ‘फिक्सिंग अ होल’ आणि ‘लव्हली रीटा’ काढावीत. रीटाच्या जागी ‘पेनी लेन’ यावं आणि पहिली बाजू ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’वर संपावी. हिशेब केला तर दोन्ही बाजू 22 मिनिटांच्या आतच राहतात.

तबकडी उलटली की तंबोरा. ‘विदिन यू विदाउट यू’ हे पाच मिनिटांचं गाणं पुष्कळ रॉकप्रेमी गाळतात. ते गाळणं सपशेल चूक आहे. सप्टेंबर 1966 मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात राहून पंडित रविशंकरांकडे सतार शिकला, त्या तालमीचं हे फळ. त्यात दुसरा एकही बीटल वाजवत नाही. दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे लंडनमधले भारतीय वादक आहेत. स्ट्रॉबेरीच्या धुक्यानंतर हा तंबोरा ऐकला की दोन्ही गाणी एकाच वाटेवरची वाटतात.

हॅरिसन जानेवारी 1968 मध्ये पुन्हा मुंबईत आला. एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याने आशिष खान, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्या वादकांकडून ‘द इनर लाइट’चं संगीत वाजवून घेतलं. सरोद आणि बासरीचं हे गाणं पेपरनंतरचं, त्यामुळे वरच्या क्रमात ते बसत नाही. 15 मार्च 1968 ला ते ‘लेडी मॅडोना’च्या सुट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला निघालं आणि बीटल्स एकत्र असेपर्यंत त्यांच्या एकाही मोठ्या तबकडीत आलं नाही.