घरातील वृद्ध मांजर आणि लिटरबॉक्सचा प्रश्न

मीरा-भाईंदरच्या अनेक जुन्या इमारतींमध्ये सध्या पुनर्विकासाचीच चर्चा आहे. इमारत रिकामी करायची, काही वर्षे भाड्याच्या घरात काढायची आणि मग नव्या सदनिकेत परतायचे, अशी व्यवस्था कुटुंबामागून कुटुंब करीत आहे. सामानाची यादी होते, मुलांच्या शाळेचा मार्ग ठरतो, वडीलधाऱ्यांच्या औषधांची पेटी वेगळी बांधली जाते. घरात दहा-बारा वर्षे वाढलेल्या मांजराचा विचार मात्र बहुधा नव्या घरी पोहोचल्यावर होतो, आणि तोही ते लिटरबॉक्स सोडून गादीवर, कपाटामागे किंवा देवघराजवळ लघवी करू लागल्यावर.

स्वयंपाकघर आणि देवघर यांची शुचिता कसोशीने पाळणाऱ्या कुटुंबात ही गोष्ट लहान नसते. वास जात नाही, पाहुण्यांसमोर संकोच वाटतो, घरातील माणसांत वाद होतात. अखेरीस कोणीतरी सुचवतो की, मांजर बाजारात किंवा एखाद्या संस्थेत सोडून द्यावे. अशा निर्णयाआधी मांजर असे का वागते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मांजर स्वभावतः स्वच्छताप्रिय आहे. राग किंवा सूड म्हणून ते घर घाण करीत नाही. दहा वर्षांचे मांजर माणसाच्या सुमारे ५६ वर्षांच्या वयाचे, तर पंधरा वर्षांचे मांजर सुमारे ७६ वर्षांचे मानले जाते. या वयात मूत्रपिंडे दुर्बल होतात, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार जडतो. मांजर पाणी जास्त पिते, लघवी जास्त होते आणि पूर्वी दिवसभर पुरणारा बॉक्स दुपारीच ओला होतो. मूत्राशयाला सूज असेल तर लघवी करताना वेदना होतात आणि त्या वेदनेचा संबंध मांजर बॉक्सशी जोडते. सांधेदुखी तर फार मोठ्या प्रमाणात आढळते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली गेली. त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली. अशा मांजराला उंच कडा ओलांडणे म्हणजे आपल्या आजोबांना लिफ्टविना चौथा मजला चढणे.

म्हणून पहिले पाऊल पशुवैद्याकडे टाकावे. रक्त, लघवी आणि रक्तदाब यांची तपासणी करून घ्यावी. जवळच्या पशुवैद्याने पुढील तपासण्या सुचवल्यास परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. एक लक्षण मात्र कधीही दुर्लक्षू नये : मांजर, विशेषतः बोका, वारंवार लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबभरच लघवी होते किंवा मुळीच होत नाही, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. त्यात जीव जाऊ शकतो. सकाळची वाट न पाहता लगेच उपचार मिळवावेत. माणसांची वेदनाशामके स्वतःहून देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

ज्या घरांत रोजमेळ लिहिण्याची परंपरा आहे, त्यांनी मांजरासाठीही एक लहान वही ठेवावी. लघवी कुठे झाली, किती वाजता, किती झाली, त्या दिवशी घरात काय घडले, पाणी किती प्याले, एवढ्याच नोंदी पुरेत. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होते. दर वेळी मोठे डबके दिसले तर आजाराची शंका बळावते. पाहुणे आले किंवा शेजारी ड्रिल चालले की घटना घडत असेल, तर भय हे कारण असू शकते. ही वही पशुवैद्यालाही उपयोगी पडते.

भयाची कारणे आपल्याला क्षुल्लक वाटतात. मांजर घर ओळखते ते मुख्यतः वासाने. घर बदलले की तो परिचित वास एका दिवसात नाहीसा होतो. त्यात ऐकू कमी येणे, अंधुक दिसणे आणि वयामुळे येणारा विसर यांची भर पडते. काही वृद्ध मांजरे रात्री विनाकारण ओरडतात, बॉक्सची जागाच विसरतात. म्हणून नव्या घरात आरंभीचे काही दिवस त्याला एकाच शांत खोलीत ठेवावे. जुने अंथरूण न धुता सोबत न्यावे, जुन्या लिटरमधील मूठभर लिटर नव्या बॉक्समध्ये मिसळावे, जेवणाची वेळ बदलू नये. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत दारे-खिडक्या बंद करून लपण्यास एक झाकलेली जागा द्यावी.

बॉक्सची रचनाही बदलावी. तो मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा आणि पुढची कडा चार बोटांहून उंच नसावी. घरात जितकी मांजरे, त्याहून एक बॉक्स अधिक ठेवावा. एका मांजरासाठी दोन बॉक्स छोट्या सदनिकेतही बसतात : एक शयनगृहाच्या कोपऱ्यात, दुसरा वॉशिंग मशिनपासून दूर. सुगंधी लिटर टाळावे, दिवसातून दोनदा घाण काढावी. पावसाळ्यात लिटर दमट होते, म्हणून थोडे थोडे वापरून लवकर बदलावे.

डाग पुसण्यासाठी फिनाइल वापरू नये. त्यातील द्रव्ये मांजराचे यकृत पचवू शकत नाही आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. अमोनियायुक्त द्रवाचा वास लघवीसारखा असल्याने मांजर पुन्हा तिथेच येते. एन्झाइमयुक्त द्रव वापरावा. मारणे, ओरडणे किंवा नाक डागावर घासणे यांनी भय वाढते, आणि भय वाढले की घाणही वाढते.

राहिला सोडून देण्याचा विचार. आयुष्यभर घरात राहिलेले वृद्ध मांजर रस्त्यावर अन्न मिळवू शकत नाही. उपासमारीची शक्यता असताना प्राणी सोडून देणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. पांजरापोळ निराधार जीवांसाठी आहे. ज्याला घर आहे, त्याला निराधार करून तिथे पाठवणे ही जीवदया नव्हे.

हे मांजर तरुण असताना आपण त्याच्या खेळण्याचे कौतुक केले. आता त्याला बुटक्या कडेचा एक बॉक्स, वेळेवर औषध आणि थोडी शांतता हवी आहे. हा खर्च मोठा नाही, आणि तो करण्याची वर्षेही फार उरलेली नाहीत.