तोरण्याची वाट आणि यंत्रमानवाची योजना

मागच्या थंडीत भोरहून आम्ही तोरणा पाहायला निघालो. कापूरहोळ, नसरापूर करीत वेल्ह्याला उतरलो आणि मुले धावतच गडाच्या वाटेला लागली. निम्मी चढण झाल्यावर ध्यानात आले, की शिदोरीची पिशवी वेल्ह्यातच राहिली! दोघांना परत पाठवावे लागले. सारेच लांबले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. दोष माझाच होता. कोणते काम आधी, याचा विचार मी केला नव्हता.

यंत्राला हा विचार कसा शिकवावा? १९७१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत रिचर्ड फाइक्स आणि नील्स निल्सन यांनी ‘शेकी’ या यंत्रमानवासाठी ‘स्ट्रिप्स’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात जग म्हणजे खऱ्या विधानांची यादी. प्रत्येक कृतीची तीन अंगे असतात : आधी काय खरे असावे लागते, कृतीनंतर यादीत कशाची भर पडते आणि यादीतून काय खोडले जाते. बाकी सारे होते तसेच राहते.

‘गड चढणे’ ही कृती घ्या. पूर्वअट : आपण वेल्ह्यात आहोत. भर : आपण गडावर आहोत. खोडायचे : आपण वेल्ह्यात आहोत.

यंत्र उद्दिष्टापासून मागे येते. गडावर असायचे, तर चढले पाहिजे. चढायचे, तर वेल्ह्यात असले पाहिजे. पण उद्दिष्टे दोन असली, की घोटाळा होतो. ‘गडावर आहोत’ हे आधी साधले, तर ‘शिदोरी जवळ आहे’ यासाठी खाली उतरावे लागते आणि साधलेले पहिले उद्दिष्ट खोडले जाते! चढणे, उतरणे, उचलणे, चढणे अशा चार कृती होतात. क्रम उलटा केला, तर दोनच पुरतात. कारण चढल्याने शिदोरी खोडली जात नाही.

मग योग्य क्रम शोधला, की झाले का? नाही. तीन ठोकळे घ्या. ‘अ’वर ‘क’ ठेवा, ‘ब’ शेजारी ठेवा. ‘अ’ हा ‘ब’वर आणि ‘ब’ हा ‘क’वर आणायचा आहे. एका वेळी एकच, तोही सर्वांत वरचा ठोकळा उचलायचा. कोणतेही उद्दिष्ट आधी पुरे करा, ते नंतर मोडावेच लागते! जेराल्ड ससमन यांच्या नावाने हे कोडे ओळखले जाते. दोन्ही उद्दिष्टांची कामे एकमेकांत गुंफली, तर मात्र तीन हालचालींत ते सुटते. कसे, ते करून पाहा.